हायड्रोजन : एका शब्दाचा अर्थ आणि व्यवहार

शालेय विज्ञानाच्या पुस्तकातून प्रत्येकाच्या परिचयाचा झालेला 'हायड्रोजन' हा शब्द आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात महाराष्ट्र शासनाने आपले हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले. तेव्हापासून कार्यालयीन टिपणे, वृत्तपत्रे आणि सभांमधील भाषणे यांतून हा शब्द वारंवार कानी पडू लागला आहे.

शब्द व्यवहारात आला की त्याच्यासवे अपेक्षा येतात आणि गैरसमजही येतात. हायड्रोजन म्हटले की कोणास बॉम्ब आठवतो, कोणास पाण्यावर धावणारी मोटार दिसू लागते, तर कोणी तो दगडी कोळशासारखा कोठेतरी खणून काढावयाचा पदार्थ समजतो. शब्द एकच, परंतु ऐकणाऱ्यागणिक त्याचा अर्थ निराळा. ज्यांना हा शब्द लोकांसमोर उच्चारावयाचा आहे, त्या अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी त्याचा नेमका अर्थ जाणून घेणे यास्तव अगत्याचे ठरते.

नावाची जन्मकथा

लोखंडाच्या किसावर आम्ल ओतले असता एक पेट घेणारा वायू बाहेर पडतो, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६७१ मध्ये नोंदविले होते. परंतु हा वायू नेहमीच्या हवेहून भिन्न असा स्वतंत्र पदार्थ आहे, हे पद्धतशीर मोजमाप करून दाखविण्याचे श्रेय हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाकडे जाते. १७६६ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि या वायूस 'ज्वालाग्राही हवा' असे संबोधले. हे नाव म्हणजे केवळ एका गुणाचे वर्णन होते.

त्या काळापर्यंत पाणी हे मूलतत्त्व मानले जाई. आपल्याकडील पंचमहाभूतांप्रमाणेच युरोपातील जुन्या विचारातही जलास मूलतत्त्वाचे स्थान होते. ही ज्वालाग्राही हवा जळाली की पाणी तयार होते, असे कॅव्हेंडिश यांच्या प्रयोगांत आढळून आले. फ्रान्समधील आंत्वान लाव्हाझिए यांनी १७८३ मध्ये त्याचा खरा अर्थ सांगितला. पाणी हे मूलतत्त्व नसून दोन वायूंच्या संयोगाने बनलेले संयुग आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. १७८७ मध्ये लाव्हाझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनशास्त्रातील नावांची नवी पद्धती प्रसिद्ध केली. तीत या वायूस ग्रीक भाषेतील 'हुडोर' म्हणजे पाणी आणि 'जेन' म्हणजे उत्पन्न करणे या दोन पदांवरून 'पाण्याचा जनक' या अर्थाचे नाव मिळाले. तेच आजचे हायड्रोजन.

त्याच पद्धतीने दिलेले दुसरे एक नाव मात्र चुकले. 'ऑक्सिजन' याचा अर्थ 'आम्लाचा जनक' असा आहे. प्रत्येक आम्लात हा वायू असलाच पाहिजे, अशी लाव्हाझिए यांची समजूत होती. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नसतो, हे पुढे १८१० च्या सुमारास हम्फ्री डेव्ही यांनी सिद्ध केले. नाव रूढ झाले होते, ते तसेच राहिले. एका नावाचा अर्थ काळाच्या कसोटीला उतरला आणि दुसऱ्याचा उतरला नाही. नाव ऐकून गुण गृहीत धरू नयेत, हा धडा त्या दोन नावांतच आहे.

उद्जन, उज्ज आणि हायड्रोजन

या ग्रीक नावाचे संस्कृत भाषेशी असलेले नाते मराठी वाचकास कुतूहलाचे वाटेल. 'उदक' आणि 'उदधी' या शब्दांतील पाणीवाचक 'उद' आणि ग्रीक 'हुडोर' ही दोन्ही एकाच प्राचीन मुळापासून निघालेली रूपे होत, असे तौलनिक भाषाशास्त्र सांगते. 'जनक', 'जननी', 'जन्म' यांतील 'जन्' धातू आणि ग्रीक 'जेन' यांचेही तसेच आहे. त्यामुळे 'उद्जन' हा भारतीय भाषांत योजिला गेलेला प्रतिशब्द मूळ शब्दाचा पदोपदी भाऊच ठरतो.

जुन्या मराठी लेखनात 'उज्ज' असेही रूप आढळते. उद् आणि ज यांचा संधी होऊन ते सिद्ध होते. त्याचा सरळ अर्थ 'पाण्यापासून जन्मलेला'. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. हायड्रोजन हा शब्द पाण्याचा बाप सांगतो, तर उज्ज हा शब्द पाण्याचे अपत्य सांगतो. वस्तुतः दोन्ही खरे आहे. हायड्रोजन जाळला की पाणी होते. आणि १८०० मध्ये निकोल्सन व कार्लाइल यांनी दाखविल्याप्रमाणे पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन परत मिळतो. या जाण्यायेण्याच्या दोन वाटांतच या वायूचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही सामावलेली आहेत. त्यांचा विचार पुढे येईल.

नत्र, कर्ब, स्फुरद, पालाश आणि प्राणवायू हे शब्द मराठीत, विशेषतः शेतकऱ्याच्या बोलण्यात, घट्ट रुजले. उज्ज मात्र मागे पडला आणि हायड्रोजन हाच शब्द पाठ्यपुस्तकांतून रूढ झाला. तो पुल्लिंगी चालतो व त्याचा उल्लेख हायड्रोजन वायू असाही करतात. तथापि पाण्याची जुनी खूण एका शब्दात टिकून आहे. तांदूळ, ज्वारी, बटाटा यांतील पिष्टमय पदार्थांना आपण 'कर्बोदके' म्हणतो. कर्ब आणि उदक मिळून झालेल्या या शब्दात हायड्रोजन पाण्याच्या रूपाने दडलेला आहे.

एकटा आणि जोडीतला

हायड्रोजन हे सर्वांत हलके मूलद्रव्य होय. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या सूत्राचा आधार घेऊन सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यत्वे हायड्रोजनाचे बनलेले असल्याचे दाखविले. विश्वात एवढे विपुल असलेले हे मूलद्रव्य पृथ्वीच्या वातावरणात मात्र सुटे असे जवळजवळ सापडत नाही. ते पाण्यात, वनस्पतींत, खनिज तेलात आणि नैसर्गिक वायूत इतरांशी संयोग पावलेले असते. म्हणून 'हायड्रोजन' हा शब्द ऐकताच पहिला प्रश्न असा विचारावयाचा की, तो सुटा आहे की जोडीतला आणि जोडीतला असल्यास कोणाशी जोडलेला?

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. हायड्रोजन हा हवेच्या सुमारे चौदापट हलका, रंग व वास नसलेला वायू आहे. तो गळला तर वर चढतो. याउलट हायड्रोजन सल्फाइड हा हायड्रोजन आणि गंधक यांच्या संयोगाने झालेला वायू हवेपेक्षा जड आणि अत्यंत विषारी आहे. शौचालयाच्या बंदिस्त टाक्या, गटारांची भुयारे आणि शेणखळीच्या टाक्या यांच्या तळाशी तो साचून राहतो. प्रारंभी त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की माणसाची वास ओळखण्याची शक्तीच तो बधिर करून टाकतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे समजून आत उतरणारा मनुष्य परत येत नाही. त्याला काढण्यास उतरलेला दुसराही त्याच वाटेने जातो. संरक्षक साधनांविना मलटाकी व गटारांच्या जोखमीच्या सफाईस माणूस उतरविण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक सदस्याने हा नियम गावातील टाकीमालकांपर्यंत पोहोचविणे आवश्यक आहे. 'हायड्रोजन हलका असतो, उडून जातो' हे पुस्तकातील अर्धे वाक्य येथे प्राणघातक ठरू शकते.

याच हायड्रोजन सल्फाइडचा एक उपकारक उपयोगही आहे. पाणी तपासणीसाठी गावोगाव वापरल्या जाणाऱ्या 'एच-टू-एस' बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन ती ठरावीक काळ ठेवतात. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असल्यास ते हा वायू निर्माण करतात आणि बाटलीतील लोहक्षाराशी त्याचा संयोग होऊन पाणी काळे पडते. ही सोपी चाचणी भारतीय संशोधकांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. बाटली काळी पडली तर ते पाणी पिऊ देऊ नये व नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा, एवढा बोध प्रत्येकास घेता येतो.

वनस्पती तुपाची गोष्टही जोडीचीच आहे. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या क्रियेस हायड्रोजनीकरण म्हणतात. ही क्रिया अर्धवट झाली तर हृदयास अपायकारक असे ट्रान्स-मेद तयार होतात. १ जानेवारी २०२२ पासून तेल व मेदपदार्थांत त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन देशात लागू झाले आहे.

राहता राहिला बॉम्ब. १ नोव्हेंबर १९५२ रोजी अमेरिकेने ज्याची पहिली चाचणी घेतली, त्या बॉम्बमध्ये हायड्रोजनाच्या जड प्रकारांची अणुकेंद्रे प्रचंड उष्णतेत एकमेकांत विलीन होतात. टाकीतील हायड्रोजनाच्या बाबतीत असे घडू शकत नाही. तथापि तो निर्धोक आहे, असा याचा अर्थ नव्हे. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगीही पुरे होते. शिवाय त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे हायड्रोजन भरलेले जर्मन हवाई जहाज काही क्षणांत जळून गेले आणि ३६ जण मृत्युमुखी पडले. भय आणि बेपर्वाई या दोहोंच्या मधली वाट म्हणजे माहिती.

जमिनीच्या पत्रिकेतील हायड्रोजन

जमीन आरोग्य पत्रिकेत 'सामू' या नावाचा एक रकाना असतो. शेतकरी त्याकडे पाहतो, परंतु तेथे हायड्रोजनाचेच मोजमाप नोंदविलेले असते, हे त्याच्या ध्यानी येत नाही. डेन्मार्कमधील सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी सुचविली. इंग्रजीत तिला पीएच म्हणतात आणि त्यातील एच हे अक्षर हायड्रोजनाचे होय. द्रावणात हायड्रोजनाचे विद्युत्भारित कण म्हणजे आयन किती आहेत, हे या अंकावरून कळते.

या मोजपट्टीची दोन वैशिष्ट्ये शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावीत. पहिले असे की, आयन जितके अधिक तितका अंक लहान. सात हा उदासीन, त्याखालील आम्लधर्मी आणि त्यावरील अल्कधर्मी. दुसरे असे की, एका अंकाचा फरक म्हणजे दसपट फरक होय. सामू सहा असलेल्या मातीत सात असलेल्या मातीच्या दसपट आयन असतात आणि पाच असल्यास शंभरपट. कोकणातील जांभ्या जमिनी सामान्यतः आम्लधर्मी, तर दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनी बहुधा अल्कधर्मी आढळतात. एकीस चुना लागतो, तर चोपण झालेल्या दुसरीस जिप्सम. सामू न वाचता शेजाऱ्याचे पाहून खर्च केला, तर पैसाही जातो आणि जमीनही बिघडते. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ या मर्यादेत असावा, असे भारतीय मानक सांगते.

पिकाचे नत्रही हायड्रोजनाच्याच हातून येते. हवेतील नत्र आणि हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया बनविण्याची कृती फ्रिट्झ हाबर यांनी शोधली आणि १९१३ मध्ये जर्मनीत तिचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. अमोनियापासून युरिया होतो. रायगड जिल्ह्यातील थळ येथील खत कारखान्यात हा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून मिळविला जातो. म्हणजेच युरियाची गोणी घरी आणणारा प्रत्येक शेतकरी, नकळत का होईना, हायड्रोजनाचा ग्राहक आहे.

'हरित' या विशेषणाचा अर्थ

हायड्रोजन स्वतः रंगहीन आहे. हरित, करडा, निळा ही विशेषणे त्या वायूची नसून तो मिळविण्याच्या रीतीची आहेत. नैसर्गिक वायूपासून वाफेच्या साहाय्याने काढलेला तो करडा. या रीतीत एक किलो हायड्रोजनामागे सुमारे नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. तोच कार्बन डायऑक्साइड अडवून साठविला तर निळा. सूर्य, वारा यांसारख्या अक्षय ऊर्जेवरील विजेने पाण्याचे विघटन करून मिळविलेला तो हरित. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये याचे माप निश्चित केले. त्यानुसार एक किलो हायड्रोजनामागे कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मोजलेले उत्सर्जन, बारा महिन्यांच्या सरासरीने, दोन किलोपेक्षा अधिक नसावे. जैवपदार्थांपासून मिळविलेला हायड्रोजनही हे माप पाळल्यास हरित ठरतो. तेव्हा कोणत्याही प्रस्तावात 'हरित' हा शब्द आला की त्यापुढे माप मागावे.

राष्ट्रीय अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आणि २०३० पर्यंत वर्षाकाठी किमान ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यासाठी सुमारे १२५ गिगावॉट इतकी अक्षय ऊर्जेची नवी क्षमता लागेल, असेही शासनाने म्हटले. वायूच्या योजनेस एवढी वीज कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो आणि त्याच्या उत्तरात या शब्दाचा खरा अर्थ दडलेला आहे.

एक किलो हायड्रोजनात साठलेली ऊर्जा सुमारे ३३ युनिट विजेइतकी असते. परंतु पाण्यापासून तो एक किलो मिळविण्यास पन्नास ते पंचावन्न युनिट वीज खर्च होते. त्याच हायड्रोजनापासून इंधनघटात पुन्हा वीज निर्माण केली, तर ढोबळमानाने सतरा ते वीस युनिट हाती येतात. म्हणजे येथे हायड्रोजन हा ऊर्जेचा झरा नसून ऊर्जा वाहून नेणारी घागर आहे. विहिरीचे काम घागर करू शकत नाही. पाण्यावर चालणारे यंत्र दाखवून पैसे गोळा करणाऱ्यास एवढाच प्रश्न विचारावा की, पाण्यातून हायड्रोजन वेगळा करण्यास लागणारी ऊर्जा कोठून आणली? पाणी हा हायड्रोजन जळून गेल्यानंतरचा अवशेष आहे. राख पुन्हा पेटत नाही.

मग घागर कशासाठी? जेथे विहीर नेता येत नाही, तेथे. खत, तेलशुद्धीकरण आणि पोलाद या उद्योगांत हायड्रोजन रासायनिक क्रियेसाठीच लागतो व तेथे केवळ वीज देऊन भागत नाही. अशा ठिकाणी करड्याऐवजी हरित हायड्रोजन वापरणे, हा या धोरणाचा सर्वांत सबळ आधार होय. जेथे वीज थेट वापरता येते, तेथे मात्र ती आधी हायड्रोजनात साठविण्यात तोटा आहे.

पाण्याचा हिशेब

पाण्याच्या जनकास पाणी किती लागते, हा प्रश्न अवर्षणप्रवण तालुक्यांत विचारला जाईल आणि तो विचारलाही जावा. नऊ किलो पाण्यात एक किलो हायड्रोजन असतो. म्हणून एक किलो हायड्रोजनास निदान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते, तर शुद्धीकरण व यंत्रे थंड ठेवणे धरून प्रत्यक्ष गरज याहून बरीच अधिक. वर्षाला ५० लाख टनांच्या राष्ट्रीय उद्दिष्टास किमान साडेचार कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे १.६ टीएमसी पाणी लागेल. कोयना धरणाची साठवणक्षमता १०५ टीएमसी आहे, हे ध्यानी घेता सबंध देशाच्या मानाने हा आकडा भयावह नाही. तथापि कारखाना देशभर विखुरलेला नसतो, तो एका गावाच्या शिवारात उभा राहतो. पाणी नदीचे, धरणाचे की समुद्राचे खारे पाणी शुद्ध करून घेतलेले, आणि उन्हाळ्यात गावाच्या वाट्याचे काय, ही विचारणा ग्रामसभेने अवश्य करावी. उद्योगास विरोध म्हणून ती केली जात नाही, हे अधिकाऱ्यांनीही समजून घ्यावे.

गोनेसचा धडा

या वायूस आजचे नाव मिळण्यापूर्वीची एक घटना येथे आठवते. २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसमध्ये जाक शार्ल यांनी हा वायू भरलेला एक फुगा आकाशात सोडला. तो काही कोसांवरील गोनेस या खेड्यात उतरला. आकाशातून पडलेली, हलणारी, दुर्गंध सोडणारी ही वस्तू पाहून गावकरी भयभीत झाले आणि त्यांनी हाती लागेल त्या अवजारांनी तिच्या चिंधड्या केल्या. पॅरिसच्या गर्दीस सर्व ठाऊक होते, परंतु गोनेसला कोणी काही कळविले नव्हते. त्यानंतर फ्रेंच शासनाने जाहीर सूचना काढून अशा फुग्यांविषयी जनतेस समजावून सांगितले. सूचना आली, परंतु फुगा फाटल्यावर.

गोनेसच्या गावकऱ्यांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. परंतु चूक माहिती न देणाऱ्यांची होती. नवा शब्द गावात पोहोचण्यापूर्वी त्याचा अर्थ पोहोचावा, ही जबाबदारी आज अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यावर येते. हायड्रोजन सुटा की जोडीतला, कोणत्या रीतीने मिळविलेला, किती विजेचा आणि कोणाच्या पाण्याचा, हे चार प्रश्न विचारून मगच हा शब्द वापरण्याची सवय लागली, तर भीती आणि भ्रम दोन्ही दूर राहतील आणि पाण्याच्या या जनकाची खरी ओळख गावापर्यंत पोहोचेल.